चक्कर येते म्हणता, पण नेमकं काय होतं?

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीची साफसफाई चालली होती. कोपरखैरण्यातलं आमचं घर लहान, त्यामुळे निम्मा संसार माळ्यावर. मखराचं सामान काढायला स्टुलावर चढले, मान वर केली आणि अख्खा माळा फिरायला लागला. फळीला हात अडकला म्हणून वाचले. पंधरा-वीस सेकंदांत सगळं जागच्या जागी आलं. मग रात्री कुशीवर वळले, तर पलंगच गरगर.

पुढचे चार महिने मी सगळे उद्योग केले. मानेचा एक्स-रे काढला, तीन आठवडे गळ्यात पट्टा घातला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, जाऊबाईंच्या आग्रहाने सलाईनही लावून घेतली. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी टेबलावर आडवं केलं, माझ्या डोळ्यांकडे बघत डोकं ठरावीक क्रमाने वळवलं आणि पंधरा मिनिटांत गरगर गेली. तरी चक्कर पुरती गेली नव्हती. ठाणे स्टेशनचा पूल चढून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती वेगळीच होती, आणि माझ्याच सवयींनी आणलेली. खालचं सगळं त्यातून शिकले. मी डॉक्टर नाही, ठाण्याला नोकरी करणारी बाई आहे. त्यामुळे निदान तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

सगळ्यात आधी: ही चक्कर घरी थांबून बघायची नसते

चक्कर अचानक आली आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात किंवा पाय लुळा पडला, एकाची दोन माणसं दिसायला लागली, आधाराशिवाय उभंच राहता येईना, कधी नव्हतं असं डोकं दुखलं, छातीत दुखलं किंवा धडधडलं, शुद्ध हरपली, एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं किंवा शौचाला काळी झाली, तर खालच्या पायऱ्या सोडा आणि १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं रुग्णालय गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. घोडबंदर रोडचा ट्रॅफिकही त्याच साडेचार तासांत मोजायचा. म्हणून ‘जरा पडून बघते’ हे वाक्य त्या दिवशी नको.

१. आधी शब्द ठरवा

डॉक्टरांनी मला विचारलं, ‘चक्कर म्हणजे काय होतं?’ मी म्हणाले, ‘चक्कर म्हणजे चक्कर!’ ते हसले. आपल्या भाषेत यासाठी चांगले चार शब्द आहेत आणि आपण सगळं एकाच पिशवीत कोंबतो.

*गरगरणं, घेरी येणं:* खोली फिरते, मळमळतं. बहुतेक वेळा भानगड आतल्या कानात असते, काही वेळा अर्धशिशीची.

*अंधारी, भोवळ:* उठल्यावर किंवा बराच वेळ उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळं येतं, घाम फुटतो. तेवढ्यापुरतं डोक्याकडे रक्त कमी पोचतं. पाणी कमी पडणं, रक्तदाब उतरणं, रक्त कमी असणं, कधी हृदयाच्या ठोक्यांची गडबड.

*झोक जाणं:* डोकं ठीक, पण चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही. मधुमेहाने किंवा बी-१२ कमी पडल्याने पायांच्या नसा बधिर होतात तेव्हा असं होतं. कारण मेंदूतही असू शकतं.

*डोकं रिकामं वाटणं:* भूक, साखर उतरणं, जागरण, घाबरून भराभर श्वास घेणं.

शब्दाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती किती वेळ टिकली आणि कशाने सुरू झाली. काही सेकंद, काही मिनिटं की दिवसभर? मान वळवल्यावर, उठल्यावर की बसल्या जागी? यासाठी पुढची पायरी.

२. पंधरा दिवस वही ठेवा

मोबाईलमध्येही चालेल, पण मी किराण्याच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहायला सुरुवात केली. माझी दोन पानं अशी:

‘मंगळ. सकाळी ५.४०. डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर. गरगर. २० सेकंद. कानात आवाज नाही.’

‘गुरु. सायं. ६.५०. ठाणे, पूल चढून प्लॅटफॉर्मवर उभी. अंधारी. १ मिनिट. दुपारी १ नंतर पाणी नाही, ४ ला चहा. बीपीची गोळी सकाळी.’

दुसऱ्या नोंदीत उत्तर स्वच्छ लिहिलंय, पण कागदावर येईपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

सोबत दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन घरी असेल तर एक तपासणी स्वतः करता येते. पाच मिनिटं आडवं पडा, बीपी मोजा. मग उभं राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. माझं आडवं १२८/८० आणि उभं १०४/७० आलं होतं. ही तपासणी एकट्याने करू नका, मागे खुर्ची ठेवा.

३. उठायची घाई सोडा

सकाळी पाणी यायची वेळ, डबा, ६.५२ ची लोकल गाडी. आपण अंथरुणातून उठत नाही, उडी मारतो. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. शरीर ते सावरतं, पण वय, औषधं किंवा पाण्याची कमतरता असेल तर सावरायला वेळ लागतो.

माझा क्रम सांगते. जाग आल्यावर आडवी असतानाच पावलं वीस वेळा वर-खाली करते, मुठी आवळते-सोडते. कुशीवर वळून हाताच्या रेट्याने बसते. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसते, उशाशी ठेवलेला तांब्या संपवते. मग पलंगाला धरून उभी राहते आणि मनात दहा मोजल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सगळं मिळून चार मिनिटं. सासूबाई, वय ७८, सुरुवातीला म्हणायच्या, ‘एवढं नवरीसारखं काय उठायचं!’ एकदा दाराची बेल वाजली म्हणून झटकन उठल्या आणि कपाटावर आपटल्या, तेव्हापासून त्याही मोजतात. बेल वाजली, फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, तरी दहा मोजायचेच.

४. पाणी, आणि बायकांची खरी अडचण

भरपूर पाणी प्या, हे कुणीही सांगतं. घरून निघाल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून आम्ही बायका पाणीच पीत नाही, हे कुणी बोलत नाही. मी सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी चारपासून आठपर्यंत घोटभरही पीत नव्हते. इथली हवा खाडीकाठची, दमट. घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला हेही कळत नाही.

मी वेळा बदलल्या. उठल्यावर दोन ग्लास, म्हणजे निघण्याआधी घरीच मोकळं होता येतं. ऑफिसला पोचल्यावर लगेच एक, जेवणाआधी एक, तीन वाजता एक, आणि सुटायच्या पाऊण तास आधी एक मोठा ग्लास. निघताना तिथलंच स्वच्छतागृह वापरायचं. लघवीचा रंग गवती चहाइतका फिका असेल तर चाललंय ते बरं चाललंय.

चहा पाण्यात मोजला तरी चालतो, पण पाण्याच्या जागी नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. तयार कोकम सरबतात साखर किती ते बघून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी आणि किती मीठ ते डॉक्टरच ठरवतील. चक्कर आली की मीठ-पाणी हा उपाय बीपीवाल्यांनी परस्पर करू नये.

उन्हाचं वेगळं सांगते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात भर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली, ते इथलं कुणी विसरलेलं नाही. उन्हात चक्कर आली तर ‘कार्यक्रम संपेपर्यंत थांबू’ म्हणू नका. सावलीत जा, कपडे सैल करा, अंग ओलं करा, वारा घाला. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर लगेच १०८.

५. खाणं, उपास आणि साखर

सकाळी नुसत्या चहावर निघणं बंद केलं. पोळीचा एक रोल करून डब्याआधी खाते, गाडीतसुद्धा.

सोमवार, एकादशी, नवरात्र, ज्याची त्याची श्रद्धा. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. गोळी नेहमीची आणि पोटात सकाळपासून काही नाही, असं झालं की साखर घसरते. हात थरथरले, घाम फुटला, डोकं रिकामं झालं तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन जवळ नसेल तर मोजत बसू नका, आधी साखर घ्या. उपास मोडला म्हणून कुणी रागावणार नाही, देवही नाही.

भरपेट जेवणानंतर वयस्कर माणसांचं बीपी उतरू शकतं. मोदकांचं जेवण झालं की आजोबांना लगेच उठवू नका, अर्धा तास बसू दे.

आणि पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. शाकाहारी घरांत बी-१२ पण बघावं. ‘अशक्तपणा असेल’ म्हणत बिट खात बसण्यापेक्षा दोन तपासण्या बऱ्या.

६. मान वर करायची कामं

आता माझी गरगर. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं हलवल्यावर ते नळीत वाहतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. म्हणून कुशीवर वळताना, वाकताना, वर बघताना, आणि एका मिनिटाच्या आतच. कण परत जागेवर नेण्यासाठी डोकं क्रमाने वळवण्याची जी पद्धत आहे, तिला अमेरिकन डॉक्टर जॉन एपली यांचं नाव आहे. कुठल्या कानाचा दोष ते आधी कळावं लागतं. व्हिडिओ बघून चुकीच्या बाजूने केली तर उपयोग नाही. पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या, मग हवं तर शिकून घ्या, कारण हा पाहुणा पुन्हा येऊ शकतो. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते भरून काढल्यावर तो कमी वेळा येतो, असं दिसून आलंय.

रोजच्या सवयींत मी एवढं बदललं. माळ्यावर मी चढत नाही, मुलगा चढतो. रोजची भांडी डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांड्या दोरीने खाली घेऊन तिथेच कपडे घालते, मग वर ओढते. केर काढताना लांब दांड्याचा झाडू. पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टाकायची नाही, घरून धुवून जाते. आरतीच्या शेवटी स्वतःभोवती फिरायचं असतं तिथे मी जागेवरच हात जोडते. पहिल्या वर्षी हट्टाने फिरले आणि थेट शेजारच्या काकूंच्या अंगावर गेले.

पण डोकं अजिबात न हलवता पुतळ्यासारखं राहणं हीसुद्धा चूक. मानेचा पट्टा घालून मी तीन आठवडे तेच केलं. गरगर तशीच, वर मान आखडली. आपल्याकडे वर्षानुवर्षं चक्कर म्हटली की मणक्यावर खापर फुटतं. चाळिशीनंतर एक्स-रे काढला की बऱ्याच जणांत काहीतरी झीज दिसते. ती दिसली म्हणून चक्कर तिनेच आणली असं होत नाही.

७. गाडीत, रांगेत, आरतीत

एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पोटऱ्यांत साठतं. पोटऱ्या म्हणजे रक्त वर ढकलणारा पंप, तो चालू ठेवायचा. टाचा उचला-टेका, पाय एकावर एक तिरके ठेवून मांड्या आवळा, मुठी घट्ट दाबा. टेंभी नाक्याला नवरात्रातल्या देवीच्या रांगेत मी हे सतत करते. बघणाऱ्याला वाटतं बाई गरब्याची तयारी करतेय.

गाडीत अंधारी येतेय असं वाटलं की लोक हवेसाठी दाराकडे सरकतात. हे कधीही करू नका. गर्दीत भोवळ आली तर दार ही सगळ्यात वाईट जागा. आत सरका, ‘मला चक्कर येतेय’ असं मोठ्याने सांगा, जागा नाही मिळाली तर खुशाल खाली बसा आणि डोकं गुडघ्यांत घाला. लेडीज डब्यात चौथ्या सीटवरून (तिघींच्या बाकावर चौथीने टेकायची जागा) भांडणाऱ्या बायकाच अशा वेळी पदराने वारा घालतात, अनुभव आहे. ऐरोली येवो की रबाळे, येईल त्या स्टेशनला उतरून बाकावर बसा. एक गाडी गेली तर दुसरी आहे.

बसमध्ये किंवा रिक्षात मोबाईल बघितल्याने मळमळत असेल तर फोन ठेवा, पुढची सीट घ्या, लांबवर बघा. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं वर आणि जवळचं खाली, एकाच काचेत) असेल तर जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन वरच्या भिंगातून बघा आणि कठडा सोडू नका.

कुणी भोवळ येऊन पडलं तर त्याला बसवायची घाई करू नका. आडवंच ठेवा, पाय जरा उंच करा, पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. कांदा, चप्पल काही हुंगवू नका. एक-दोन मिनिटांत सावरलं नाही तर १०८.

८. घरातल्या चार जागा

बाथरूम सगळ्यात घातक. बंद खोली, कडकडीत पाणी, वाफ. याने शिरा सैल होतात आणि बीपी उतरतं. पाणी कोमट, बसायला प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. आणि ज्याला चक्कर येते त्याने आतून कडी लावू नये. आमच्याकडे दाराला ओढणी अडकवली की ‘आत माणूस आहे’. भारतीय शौचालयातून उठताना दांडा धरूनच उठा. पुरुषांनी रात्री लघवीला बसूनच जावं. त्यात कसला आलाय कमीपणा?

पलंग ते शौचालय या वाटेवर रात्री दिवा, पायपुसणं सरकणारं नको. गॅससमोर गरगरलं तर आधी गॅस बंद, मग खाली बसणं. आणि चक्कर चालू असण्याच्या दिवसांत स्कूटर नाही, पाम बीच रोडसारख्या सुसाट रस्त्यावर तर नाहीच.

९. गोळ्यांचा हिशेब

बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या, साखरेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. यातल्या कशानेही चक्कर येऊ शकते. दोन डॉक्टरांकडून घेतलेल्या असतील तर एकत्र मिळूनही. मनाने बंद करू नका. माझ्या बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी वहीतले आकडे बघून बदलला. मी आपली आपण सोडली असती तर वेगळंच निस्तरावं लागलं असतं.

मेडिकलमधून मिळणारी ‘चक्करची गोळी’ दोन-तीन दिवस मळमळ थांबवायला ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूला तोल सावरायची सवय लागायला उशीर होतो, आणि त्यातल्या काहींनी वयस्कर माणसांचे हात थरथरायला लागतात, चाल आखडते. मी ती अडीच महिने घेत होते, कुणी थांबवलंही नाही.

१०. तोलाचा सराव

कण जागेवर गेले, पाणी सुरळीत झालं, तरी महिनाभर मला वाऱ्यावर चालल्यासारखं वाटायचं. त्यावर सराव. ओट्याला एक हात टेकवून टाच-चवडा-टाच असं सरळ रेषेत चालायचं, दहा फेऱ्या. एका पायावर दहा सेकंद, ओटा जवळ. अंगठा डोळ्यांसमोर धरून त्यावरची नजर न हलवता मान डावी-उजवी, आधी सावकाश. थोडी चक्कर येणं अपेक्षित आहे, ओकारी येण्याइतकी नाही. सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं करावं लागत नाही. चालणं हाच तिचा सराव. कपालभाती जोरात करून डोकं हलकं होत असेल तर वेग कमी करा. भराभर श्वासाने तसं होतंच.

डॉक्टरकडे जाताना पिशवीत काय

– पंधरा दिवसांची वही आणि बीपीचे आकडे
– सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या किंवा चालू पट्ट्या, आयुर्वेदिक आणि ‘ताकदीच्या’ धरून
– जुने रक्त तपासणीचे कागद, मधुमेह असेल तर साखरेची नोंद
– रोजचा चष्मा
– सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाणार असाल तर आधार कार्ड आणि आधीचा केस पेपर, आणि सकाळी लवकर, कारण केस पेपरची रांग उभ्याने असते

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर. फिरणारी गरगर असेल तर तेच कान-नाक-घशाकडे पाठवतील. तपासताना तुम्हाला झटकन आडवं करून मुद्दाम गरगर आणतात आणि डोळे कसे हलतात ते बघतात. घाबरू नका, पण डोळे मिटू नका, नाहीतर परत करावं लागतं. त्याआधी पोटभर जेवू नका. आणि सोबत कुणाला तरी न्या. मी एकटी गेले होते, परतताना स्टेशनच्या पुलाच्या सतराव्या पायरीवर बसून नवऱ्याला फोन केला, तो ऐरोलीहून येईपर्यंत तिथेच बसून होते.